पाचव्या गोळीचा आवाज

“मार ना… अजून एक आहे,” मी म्हटलं.

समीरने मारली नाही. रिव्हॉल्व्हरचं तोंड समोरच्या मातीच्या बांधाकडेच ठेवून त्याने ट्रिगरवरचं बोट काढलं.

“आवाज वेगळा होता,” तो म्हणाला.

“हलक्याच गोळ्या आहेत त्या. मुद्दाम तुझ्यासाठी केल्यात. घाबरलास होय रे?”

“हो, घाबरलो. पण आवाज वेगळा होता.”

शनिवारची गोष्ट. कॅनडात कोक्विटलामच्या बाहेरचा आमचा नेमबाजीचा क्लब, सकाळचे साडेअकरा, अंगावर रेन जॅकेट. मी सहा वर्षं तिथे जातेय. माझा नवरा समीर त्या दिवशी पहिल्यांदा आला होता.

गेल्या विंटरमध्ये ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना तो घसरला आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. आता ते जुळलंय, पण झटका सोसत नाही. म्हणून मी घरीच त्याच्यासाठी पन्नास काडतुसं भरली. नेहमीपेक्षा पावडर कमी, गोळी हलकी… म्हणजे हातात नुसता धक्का जाणवावा, कळ येऊ नये.

पहिल्या चार गोळ्या तशाच गेल्या. समीर हसलासुद्धा. पाचवीला मला काहीच वेगळं वाटलं नाही. मी त्याच्या मागे दोन फुटांवर उभी होते, आणि मला ‘हलकी’ हाच शब्द ऐकू येत होता.

तिथे देखरेख करणारा रेंज ऑफिसर डग सत्तरीचा आहे, कमी बोलतो. त्याने समीरच्या हातातून रिव्हॉल्व्हर घेतलं, रिकामं केलं आणि मागच्या बाजूने बॅरलमध्ये पाहिलं. मग माझ्याकडे दिलं.

पलीकडचा उजेड दिसत नव्हता.

पाचव्या काडतुसात पावडर नव्हतीच. काडतुसाच्या बुडाशी प्रायमर असतो, नुसत्या त्याच्या ठिणगीने गोळी पुढे सरकली आणि बॅरलमध्ये अडकून बसली. तिच्यामागून सहावी मारली असती, तर तिला जायला वाट नव्हती. बॅरल फुटतं अशा वेळी. समीरच्या हातात, त्याच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर.

आणि मी म्हटलं होतं, मार ना.

डग समीरला म्हणाला, “यू स्टॉप्ड. मोस्ट गाइज डोन्ट.” माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. त्याबद्दल मी त्याची आभारी आहे…

खरी भीती पार्किंग लॉटमध्ये आली. उरलेली काडतुसं डब्यात घालून मी ट्रंक बंद केली आणि तिथेच उभी राहिले.

पावडर भरताना मी मापं मोजते. पितळेच्या पन्नास नळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या असतात, आणि एकेका नळीत एकेक माप. या वेळीही बरोबर पन्नास मापं झाली होती. एक नळी रिकामी राहिली असेल, तर तिच्या वाटचं माप गेलं कुठे?

दुसऱ्या कुठल्यातरी नळीत. म्हणजे एकीत दोन मापं, आणि तेवढ्याने रिव्हॉल्व्हरच फुटू शकतं. पावडर इतकी थोडी असते की दोन मापं घातली तरी ती वर येत नाही… आणि काडतूस बंद झालं की बाहेरून काही कळत नाही.

कधी चुकले तेही आठवलं. गुरुवारी मी बेसमेंटमध्ये भरत बसले होते, तेव्हा समीर जिन्यावर येऊन उभा राहिला. “खरंच कमी झटका बसेल ना?” म्हणाला. मी मान वर करून म्हटलं, “अरे, लहान मूलसुद्धा मारेल.” मग पुन्हा ठोकळ्याकडे वळले. वाटलं, याच नळीपर्यंत आले होते मी.

शेवटी प्रत्येक नळीत टॉर्च मारून बघायचं असतं. टॉर्च मारला होता. बघितलं नव्हतं.

घरी येताना मी राइट लेनमधून अगदी हळू गाडी चालवली. मागचे लोक हॉर्न देत होते. ट्रंकमध्ये काडतुसांना काही होत नाही, हे मला माहीत आहे, पण तरी प्रत्येक स्पीड बंपला मी गाडी जवळजवळ थांबवत होते.

समीरने विचारलं, “सहावी मारली असती तर काय झालं असतं?”

“काही नाही.”

“केतकी.”

मग सांगितलं. बॅरलचं, दोन मापांचं, गुरुवारचं… सगळं. त्याने त्या मोडलेल्या मनगटावर दुसरा हात ठेवला.

“मी तुला मार म्हटलं,” मी म्हटलं.

“ऐकलं ना. अकरा वर्षं तुझंच ऐकतोय. आज पहिल्यांदा नाही ऐकलं.”

मला हसू आलं नाही. त्यालाही आलं नाही, पण त्याने ते म्हटलं हे बरं झालं.

हे इथे लिहितेय, कारण या ग्रुपमधले तिघं-चौघं घरी काडतुसं भरतात. नवा माणूस थांबला, तर त्याला घाबरट म्हणू नका. आपल्याला सवय झालेली असते, त्याला नसते… तो अजून प्रत्येक आवाज ऐकत असतो.

रविवारी सकाळी आम्ही दोघं बेसमेंटमध्ये बसलो. उरलेली पंचेचाळीस काडतुसं मी एकेक करून उघडली आणि समीरने पावडर काट्यावर ठेवली. एकतिसाव्याला काट्याने दुप्पट वजन दाखवलं. पुढची चौदाही आम्ही उघडली.