वहिनीचं पथ्य

वहिनी गेल्याचा फोन भाऊनंच केला. मी सासरी, गोंदियाजवळच्या कुडव्याला, गच्चीवर कपडे वाळत घालत होते. "सुमन गेली," तो म्हणाला. तिचा ताप डोक्यात चढला होता, हे आदल्या दिवशीच कळलं होतं. मी काही बोलणार तोच त्याचं पुढचं वाक्य आलं, "आता मायच्या जेवनाचं कोन पाहीन?" महिना उलटून गेला, पण ते वाक्य कानातून जात नाही. किळस येते. सख्ख्या भावाबद्दल असं लिहू नये म्हणतात. पण दुसरा शब्द मला सापडला नाही.

सुमनवहिनी बिरसीजवळच्या आमच्या घरी लग्न होऊन आली ती दोन हजार सालाच्या आगेमागे. हसरी, तोंडाळ, कुणाचीही नक्कल करणारी. पुढे बिरसीच्या विमानतळावर वैमानिक घडवायची शाळा निघाली आणि शिकाऊ पोरांची लहान लहान विमानं आमच्या धानावरून घिरट्या घालू लागली. रोवणी करताना ती कंबर सरळ करायची, वर बघायची आणि मला म्हणायची, "पाहा ना बाई, तुमच्या भाऊसारखंच हाये. गरागरा फिरते अन् तिथंच उतरते." चिखलात उभ्या बाया खो खो हसायच्या.

लग्नाला काही वर्षं झाली, मूल झालं नाही. गोंदियाला दोघांची तपासणी झाली. दोष भाऊत निघाला. घरी आल्यावर अंगणात खाटेवर बसून, तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळत भाऊनं सांगितलं, "डॉक्टर म्हनते, हिच्यातच खोट हाये." वहिनी तिथंच, हातात पाण्याचा गडवा घेऊन उभी होती. मला हे तिनं सांगितलं ते फार उशिरा, माझ्याच स्वयंपाकघरात, आणि लगेच माझ्या पोराची शपथ घातली. "तू चिडली नाही?" मी विचारलं. "चिडून का करू? ते त रातभर रडत होते," ती म्हणाली.

मग सडक अर्जुनीच्या वैद्यांचं नाव कुणीतरी सुचवलं. हायवेला ट्रक थांबतात, त्याच रांगेत त्यांची खोली होती. भाऊ फटफटी ढाब्याशी लावून चहा प्यायचा, वहिनी एकटी आत. पहिल्याच दिवशी म्हाताऱ्या वैद्यांनी विचारलं, "मरीज कुठे आहे, बेटी?" ती म्हणाली, "भाईर गाडीवर हायेत जी." "मग त्याला आण. नाडी त्याची बघायची, तुझी नाही." भाऊ आला नाही. कधीच आला नाही. शेवटी वैद्यांनी तपासणीतलं ऐकून घेतलं, तिलाच खोदून खोदून विचारलं, आणि शुक्रधातू वाढवायचं औषध दिलं... अश्वगंधा, गोखरू, काळी मुसळी, कवचबीज. पण बजावलं, दारू बंद, खर्रा बंद, आंबट-तिखट बंद, जागरण बंद. पथ्य नसेल तर औषध नुसती माती.

कवचबीज म्हणजे खाजकुयलीचं बी. वहिनी शेंगा बांधावरून स्वतः आणायची. त्यांची लव लागून हात कोपरापर्यंत लाल व्हायचे. बी दुधात शिजवायचं, सालं काढायची, वाळवायचं, तुपावर परतायचं आणि दगडी खलात वस्त्रगाळ होईपर्यंत कुटायचं. सकाळी गरम दूध, तूप, खडीसाखर घालून पेला भाऊच्या हातात. गावाला मात्र सांगितलेलं, औषध सुमनचं आहे. आणि औषध तिचं म्हटल्यावर पथ्यही तिचंच की! ती अळणी-फिकं खायची. कढी नाही, लोणचं नाही, मिरची नाही. लग्नाच्या पंगतीत तिच्या पानात नुसता दूधभात, आणि शेजारच्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसत. समोरच्या पंगतीत भाऊ तिखट रस्सा ओरपायचा, वर अंगणात जाऊन खर्रा खायचा. आजार त्याचा, तोंड बांधलेलं हिचं. एकदा मी चिडून म्हटलं, "वहिनी, चोरून तरी एक मिर्ची खा ना." तर म्हणाली, "कोनी पाह्यलं त? म्हनतीन, हीच पथ्य पाळत नाही, म्हून औषध लागत नाही."

माझं ओटीभरण माहेरी झालं. पुरणापासून वड्यांपर्यंत सगळं वहिनीनं रांधलं. ओटी भरायची वेळ आली तेव्हा माय तिला म्हणाली, "तू आतच राय." ती आतच राहिली. मला भांडी घासल्याचा आवाज येत होता. भाऊ दारात उभा राहून पाहुण्यांना पानसुपारी देत होता. एक शब्द बोलला असता तर काय जीभ झडली असती?

तेरवीलाही तेच. "बाई सोन्यासारखी होती, पर कूस उजवली नाही," असं जो तो बोलून जात होता, आणि भाऊ मान हलवत होता. जेवणं आटोपायच्या आत त्याच्यासाठी मुलगी बघायची गोष्ट निघाली. गरिबाघरची, तरणी पाहिजे. मी उठून स्वयंपाकघरात गेले. आठवण म्हणून खल उचलला, तशी माय मागून म्हणाली, "तो कायले नेतं? ठेव. नवी आली का तिले लागंल. भाऊचं औषध मंग कशात कुटंल?"

मी वळून पाहिलं. "माय, तुले मालूम होतं?"

"मालूम नसाले का झालं? मानसाचं नाव गावात खराब कराचं का?"

ज्या तोंडानं ती आयुष्यभर सुनेला वांझ म्हणाली, त्याच तोंडानं हे बोलली, आणि बोलून तांदूळ निवडायला सूप पुढ्यात घेऊन बसली. मी खल पिशवीत घातला आणि निघाले.

शपथ वहिनीसाठी होती, तिच्याबरोबर संपली. म्हणून लिहिते आहे... सुमनवहिनीत काहीही खोट नव्हती. खोट माझ्या भावात होती, आणि त्याहून मोठी आमच्या घरात.

खल आता माझ्या ओट्यावर असतो. कितीही धुतला तरी त्याला तुपाचा, कडवट वास येतो. खलापुढे वहिनी पाय दुमडून बसायची, तशी दिसते. भाऊसाठी एका घरी बोलणी लागली आहेत म्हणे. मुलीकडचे चौकशीला नणंदेकडे येतातच. येऊ देत. बसवीन, चहा देईन. मग खल त्यांच्यापुढे ठेवीन आणि यात वहिनी कुणाचं औषध कुटायची ते सांगेन.