पोरींच्या वर्गातला तांडेलाचा पोर

होय, मी पोरींच्या वर्गात बसलो. चोरून नाही, पहिल्या बाकावर बसलो. आज या वयातही कुणी त्यावरून हसलं तर मी त्याला विचारतो, बाबा रे, आजाऱ्याच्या पोटात टिकेल अशी पेज तुला करता येते का? नाही ना? मग गप बस.

आमचं घर अर्नाळ्याचं. बाप तांडेल, म्हणजे मासे धरायच्या मचव्यावरचा, शिडाच्या होडीवरचा, मुख्य माणूस. आई आगाशीच्या बाजारात मासळी विकायची. हायस्कूलही आगाशीलाच. सकाळी आई डोक्यावर टोपली घेऊन पुढे आणि मी दप्तर सांभाळत मागे, असे आम्ही चालत जायचो. स्वातंत्र्य येऊन थोडीच वर्षं झाली होती आणि आमच्या आळीतून हायस्कुलात जाणारा मी एकटाच होतो. शाळेत नववीला वाटणी व्हायची. मुलगे बीजगणिताला, मुली गृहशास्त्राला. दोन वर्गांच्या मधे भिंत कसली, बांबूची तट्टी होती. इकडे मास्तरांची छडी, तिकडे स्टोव्हची घरघर आणि कांद्याची फोडणी.

फोडणीच्या वासाला भुलून मी तिकडे गेलो असं पोरांनी गावभर केलं. साफ खोटं आहे ते. मी गेलो तो पाण्यासाठी.

आमच्याकडे मचव्यावर बाईमाणूस पाय ठेवत नाही. नारळी पौर्णिमेला आया-बहिणी किनाऱ्यावर येतील, मचव्याला हळद-कुंकू लावतील, पण आत चढायचं नाही, रीतच तशी. मग दोन-चार दिवस समुद्रावर राहायचं तर रांधणार कोण? जो वयाने सगळ्यांत लहान तो. सुट्टीत मी बापाबरोबर जायचो, तेव्हा ते काम माझं. पत्र्याच्या डब्यात माती थापून केलेली चूल, लाटेबरोबर हलणारा टोप, आणि भाकर करपली की सगळ्यांच्या शिव्या. प्यायचं पाणी लाकडी पिंपात. ज्याला तहान लागेल त्याने डबा बुडवायचा, जाळ्याच्या हातांनी, मासळीच्या हातांनी, कुठल्याही हातांनी.

आदल्या वर्षी माझा मामा मचव्यावरच आजारी पडला. आईचा एकुलता एक भाऊ. उलट्या आणि हगवण, थांबेचना. तो पाणी मागायचा आणि आम्ही पिंपातलं पाजायचो. मागे फिरून बंदराला लागेपर्यंत तो संपला होता. म्हाताऱ्यांनी सांगितलं, दर्याचा कोप झाला. कोंबडं कापलं, नारळ सोडला, आणि त्याच पिंपात पुन्हा पाणी भरून मचवा निघाला. आई महिनाभर कुणाशी धड बोलली नव्हती.

तर त्या दिवशी मास्तर फळ्यावर क्ष आणि य मांडत होते आणि तट्टीपलीकडून गृहशास्त्राच्या बाईंचा आवाज आला. "मुलींनो, पाणी दिसायला काचेसारखं असलं तरी त्यात हगवणीचे, पटकीचे जंतू असू शकतात. म्हणून खळखळ उकळायचं, झाकायचं, आणि हात न बुडवता डावाने काढायचं."

एवढंच? पाणी उकळायचं, एवढंच? आणि हे तट्टीच्या पलीकडे सांगतात, केळीच्या वाड्यांतल्या मुलींना, ज्यांच्या घरी स्वतःची विहीर आहे आणि ज्या जन्मात कधी मचव्यावर चढणार नाहीत! असा राग आला की सांगता सोय नाही. मी उठलो, मास्तर "कुठं निघालास?" म्हणेपर्यंत तट्टीला वळसा घालून पलीकडे गेलो.

मुली फिदीफिदी हसायला लागल्या. बाई तरुण होत्या, नोकरीसाठी पुण्याकडून आलेल्या. त्या म्हणाल्या, "काय रे, वर्ग चुकलास का?"

"नाही बाई. मला हे शिकायचंय."

"हे? का?"

मी मामाचं सांगितलं. पहिल्या उलटीपासून बंदरापर्यंत, पुरतं सांगितलं. बाईंनी पहिला बाक दाखवला आणि म्हणाल्या, "बस. पुढचं पुढे बघू."

पुढचं लगेच आलं. हेडमास्तरांनी बोलावलं.

"हा मुलींचा विषय आहे. तुला लाज वाटत नाही?"

"सर, आमच्या मचव्यावर बाई चढत नाही. मग तिथं रांधणाऱ्याने शिकायचं कुठं?"

"तोंड फार चालतं तुझं. नियम ऐक. या विषयावर मुलाचा मॅट्रिकचा अर्ज जात नाही. बीजगणित सोडलंस तर मॅट्रिक विसर. उद्या पालकांना घेऊन ये."

आता मॅट्रिक म्हणजे काय, हे सांगायला हवं. मॅट्रिक म्हणजे मुंबईत कारकुनी, पायात बूट, आणि दर्या कायमचा सुटला. त्यासाठीच बापाने मला शाळेत घातलं होतं. एक तरी पोर वाऱ्या-वादळातून बाहेर काढायचा, हा त्याचा पण. रात्री त्याने ऐकलं आणि ताट सारलं. "रांधायला शिकायचंय? ते मी तुला मचव्यावर फुकट शिकवलं. उद्यापासून मुकाट गणितात बस, नायतर शाळा बंद."

"बसणार नाही," मी म्हटलं. चांगली सणसणीत बसली कानाखाली. तरी म्हटलं, "बसणार नाही." आई चुलीपाशी होती. ती भाकऱ्या थापत राहिली, आणि त्याचा मला मारापेक्षा जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी शाळेत पोरं मला वहिनी म्हणायला लागली. एकाने विचारलं, "वहिनी, आज भाजी काय?" मी म्हटलं, "तुझं डोकं. पण त्यात गर काही निघेना." मग मारामारी झाली आणि माझा सदरा फाटला. तसाच फाटक्या सदऱ्याने मी हेडमास्तरांच्या खोलीबाहेर उभा होतो. बाप येणार नव्हता, म्हणजे आज माझं नाव कापणार हे नक्की होतं.

आणि आई आली. बाजार अर्धवट टाकून, डोक्यावर टोपली तशीच. शिपाई म्हणाला, टोपली बाहेर ठेव, वास येतो. ती म्हणाली, "वास येतो त नाक धर. खाताना गोड लागतो ना?" आणि सरळ आत.

हेडमास्तरांनी तिला समजावून सांगितलं. शांतपणे सांगितलं, माणूस वाईट नव्हता. मुलगा हुशार आहे, दोन वर्षांत मॅट्रिक होईल, चांगली नोकरी लागेल, हा वेडेपणा करून जन्माचं नुकसान करून घेईल. तुम्ही आई आहात, त्याला आवरा.

आईने सगळं ऐकून घेतलं. वाटलं, झालं, ही आता माझा कान धरणार.

"मास्तर," आई म्हणाली. ती कलेक्टरलाही अरे-तुरे करणारी. "तू शिकलेला मानूस, मना सांग. पानी उकळलं असतं त माझा भाव जगला असता का?"

हेडमास्तर चष्मा पुसायला लागले. म्हणाले, "तसं छातीठोक कसं सांगणार? पण... कदाचित."

"मंग पोराला तेच शिकव. मॅट्रिक नाय झाला त नाय झाला. मेलेल्या मानसाला कोनी पास-नापास इचारत नाय."

एवढं बोलून तिने डोक्यावरची टोपली सावरली आणि ती बाजाराला परत गेली. हेडमास्तरांनी माझ्याकडे न बघता हात हलवला, जा म्हणून. मी गेलो, तट्टीच्या पलीकडे.

आईपुढे बापाने शाळा बंद केली नाही, माझ्याशी बोलणं मात्र सोडलं. पण दिवाळीच्या सुट्टीत मचवा निघाला तेव्हा रांधायला माणूस हवाच होता, म्हणून मला घेतलं. मी सांगून ठेवलं होतं, लाकडं जास्त लागतील. कुणी ऐकलं नाही, तेव्हा मी घरचीच मोळी उचलून नेली. पहिल्या संध्याकाळी मोठा टोप भरून पाणी उकळलं, झाकलं, निवू दिलं. आणि पिंपाच्या झाकणावर ठाण मांडून बसलो.

एक खलाशी डबा घेऊन आला. "ऊठ."

"यातलं प्यायचं नाही. टोपातलं देतो."

त्याने टोपातलं घोटभर तोंडात घेतलं आणि थुंकलं. "याला चव नाय! धुराचा वास मारतो! तांडेल, तुझ्या पोराने लाकडंबी जाळली आनि पानीबी नासवलं." बाकीचेही उठले. एकाने माझं बखोट धरलं. मी झाकणाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि ओरडलो, "मला दर्यात टाका, पण उठणार नाही!"

बाप सुकाणूवर होता. त्याने सुकाणू दुसऱ्याच्या हाती दिलं आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी दुसऱ्या कानाखालची वाट बघत होतो. त्याने वाकून टोपावरचं झाकण काढलं, डावाने पाणी डब्यात घेतलं, आणि उभ्या उभ्या डबा रिकामा केला. तोंड वाकडं केलं.

"खरंच चव नाय," तो म्हणाला. मग खलाशांकडे वळला. "चवीचं पानी आपुन याच्या मामाला पाजलं होतं. आता हे प्या."