पाचव्या सवाष्णीची वाट बघताना वाया गेलेलं पाणी

मंडळातल्या बायांनो, फळ्यावर जागा थोडी हाय, पण राग लय हाय म्हणून लिहिते. जिला वाचता येतं तिनं बाकीच्यांना वाचून दाखवा.

आज दुपारी कार्ल्याच्या रस्त्याकडच्या नव्या बोअरला पाणी लागलं. आनंदानं मी अनवाणीच पळाले, हंडा मात्र घेतला. मशीनवाल्या मिस्त्रीनं समजावलं, "मावशी, हितं हवा दाबून भरतो. नळीनं खाली सोडली, की पाणी बुडबुड्यांनी हलकं होऊन वर चढतं. हवा बंद, की पाणी परत खाली." घाटात खडक फोडतात तेबी असल्याच हवेनं म्हणे!

तेवढ्यात सरपंचाचा भाऊ ओरडला, "आधी पाच सवाष्णी पाणी पुजतील, मगच हंडे लावा. मावशी, तुमी मागं व्हा."

मी विधवा ना! झाले मागं. चार सवाष्णी आल्या, पाचवी घरी लुगडं बदलतेय. आणि पाणी धो धो चारीत चाललंय. ह्याच पाण्यापायी उन्हाळाभर आपण नदीवरनं डोक्यावर हंडे वाहिले ना?

मिस्त्री म्हणाला, "डिझेल संपत आलंय."

मग मी सरळ घुसले नि हंडा लावला.

"अपशकुन केलास!" सरपंचाचा भाऊ खेकसला.

"व्हय, केला. तू पिऊ नको हे पाणी."

माझ्यामागनं, हंडे घेऊन मागं थांबलेल्या ठाकरवाडीच्या बाया घुसल्या. थोडेच हंडे भरले नि मशीन थांबलं. पाणी खाली गेलं. तेव्हा पाचवी आली, ताट घेऊन.

उद्या मिस्त्री डिझेल घेऊन येतोय. माझ्यासंगं पुढं उभी कोण राहणार, बोला.