तोफेचा डबा घोडेच नेणार!

काही ग्रुप असे असतात की तिथे किस्से घडवावे लागत नाहीत, नुसतं हजर राहिलं की पुरतं. आमचा वेलिंग्टनजवळच्या अप्पर हट गावातला तोफगाडीवाला ग्रुप त्यातलाच. दर रविवारी चिखलात उभं राहायचं, लीद उचलायची, चामड्याच्या पट्ट्यांना तेल चोळायचं आणि घरी येताना एक तरी किस्सा घेऊन यायचा. बायको विचारायची, "तुम्ही तिथे काम करता की नुसत्या गप्पा छाटता?" दोन्ही! गप्पा जरा जास्त. दोन हजार पाच-सहाच्या त्या एका सीझनमध्ये तर इतके किस्से साठले की सांगायला बसलं की एकावर एक पडतात.

बापटपासून सुरू करतो. आमच्याकडे सगळं बापटपासूनच सुरू होतं.

* * *

बापट आणि मी पुण्याहून एकाच वर्षी इथे शिकायला आलो, एकाच फ्लॅटमध्ये नूडल्सवर दिवस काढले आणि इथेच चिकटलो. तो वेलिंग्टनला अकाउंट्समध्ये, मी टेलिफोनवाल्यांकडे. एकदा त्याचा फोन आला, "रविवारी गमबूट घालून ये. घोड्यावर बसायला मिळतंय. फुकट!"

गेलो. हातात फावडं मिळालं!

गावाबाहेर ग्रॅहम नावाच्या सत्तरीतल्या शेतकऱ्याचं रान होतं. त्याच्याकडे सहा दांडगे घोडे, एक जुनी तोफ आणि तिचं लिंबर. लिंबर म्हणजे तोफेच्या पुढे जोडतात ती दोन चाकांची गाडी, वर भलीमोठी पेटी. पूर्वी तोफगोळे त्या पेटीतून जायचे आणि सहा घोडे ते सगळं धूड ओढायचे. तोफेवरची माणसं बसायची कुठे? त्याच पेटीच्या झाकणावर!

"म्हणजे दारूगोळ्याच्या डोक्यावर?" बापटने विचारलं.

"हो मेट," ग्रॅहम म्हणाला. "म्हणून तर पेटी इतकी जपून न्यायचे!"

दर एप्रिलमध्ये, गेलेल्या सैनिकांच्या आठवणीच्या दिवशी, आमची तोफ गावाच्या परेडमध्ये दोन बार काढायची. नुसत्या आवाजाची काडतुसं, पण आत खरी दारू. मला राहवेना. मी जीव मुठीत धरून पेटीचं झाकण उचललं.

आत थर्मास आणि हॅम सँडविच!

काडतुसं यूटमधून पुढे जायची. यूट म्हणजे इथला मागे उघडा असलेला छोटा ट्रक. घोडागाडीतून दारू न्यायची परवानगीच नव्हती. "माझे घोडे इतकी वर्षं जेवणाचा डबा ओढतायत," ग्रॅहम म्हणाला. तो हसत होता, पण ते त्याच्या मनाला किती लागलंय हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

* * *

ऑक्टोबरात एका रविवारी चहाच्या वेळी ग्रॅहमने सांगून टाकलं. गुडघे गेले होते. एप्रिल झाला की रान विकून तो मुलीकडे ऑस्ट्रेलियाला जाणार होता आणि घोडे वेगवेगळ्या शेतांवर. "पण त्याआधी एकदा," तो म्हणाला, "एकदाच, काडतुसं माझ्या घोड्यांनी न्यायला हवीत."

मला तर फार वाईट वाटलं, उगाच कपात साखर ढवळत बसलो.

मोआनाने तोंड उघडलं. मोआना स्कूल बस चालवायची आणि आमच्याकडे घोड्यांच्या सगळ्यात पुढच्या जोडीवर बसायची. "मग काढू या की परवानगी!" ती म्हणाली. "मी बसभर पोरं रोज शाळेत पोचवते, एकही हरवत नाही. ही तर काडतुसं आहेत, ती कुठे उठून पळतायत!"

पुढच्याच रविवारी दारूगोळ्याची परवानगी देणारी सरकारी बाई हजर. नाव लिनेट. उंच, किडकिडीत, चेहऱ्यावर हसू नाही. आम्ही आपले कडाक्याच्या वाऱ्यात फ्लीसची, म्हणजे कृत्रिम लोकरीची, जाडजूड जॅकेटं घालून रांगेत उभे.

"हे कपडे घासले की ठिणगी उडते," लिनेट म्हणाली. "फ्लीसवाले सगळे कुंपणाबाहेर!"

अख्खा ग्रुप कुंपणाबाहेर! आत उरले दोघंच. लोकरीचा जुनाट कोट घातलेला ग्रॅहम आणि सुती साडी नेसलेली माझी आई. आई साताऱ्याहून आठ महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती आणि घरी बसून कंटाळा येतो म्हणून मी तिला बरोबर आणलं होतं.

लिनेटने आईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "परफेक्ट!" आई खुलली. मग लिनेट म्हणाली, "आता अंगावर लोखंड असेल तर काढा." मी मराठीत सांगितल्यावर आईने बांगड्यांत अडकवलेल्या सेफ्टी पिना काढून दिल्या. मग पदराची. मग ब्लाउजची. मग तिचा हात निऱ्यांपाशी थांबला.

"हिला सांग," आई म्हणाली, "ही एक पीन काढली तर काय तो स्फोट इथेच होईल!"

आईसुद्धा कुंपणाबाहेर!

* * *

त्यानंतर आली खंडेनवमी. आईचं म्हणणं, "दारात एवढी मोठी तोफ आणि शस्त्रांची पूजा नाही? शोभतं का?" ग्रॅहमला ही कल्पना भयंकर आवडली. त्याने आदल्या दिवशी घोड्यांना खरारा करून चकचकीत केलं, स्वतःचे बूटही पॉलिश केले. आईने तबक सजवलं, हळदकुंकू, अक्षता, बागेतले झेंडू. आणि निरांजनाची वात लावणार, तेवढ्यात लिनेट गाडीतून उतरली. चाकं तपासायला आली होती.

"आग?" ती ओरडली. "पेटीजवळ?"

"अहो पण पेटी रिकामी आहे," बापट म्हणाला.

"रिकाम्या पेटीजवळ काडी ओढणारा भरलेल्या पेटीजवळही ओढतो! कुरणाच्या त्या टोकाला न्या!"

मी आईला मराठीत सांगितलं. मला वाटलं आता ती भडकणार. तर आई म्हणाली, "बरोबर आहे बाईचं. आमच्याकडे दिवाळीत फटाक्यांच्या पिशवीजवळ उदबत्ती नेली की मी थोबाडीत द्यायचे." आणि तबक घेऊन चालायला लागली. कुरणाच्या पार पलीकडच्या कुंपणाशी जाऊन, वाऱ्याला पाठ करून, पदराच्या आडोशाने तिने निरांजन लावलं. आणि तिथूनच ओवाळायला सुरुवात केली!

इकडे ग्रॅहम तोफेशेजारी सॅल्यूट ठोकून ताठ उभा. तिकडे इवलासा दिवा गोल गोल फिरतोय. मध्ये मेंढ्या चरतायत!

एवढ्यात आईची हाक आली, "अरे, घोड्यांची तोंडं इकडे करा! माझ्याकडे काय पाठ करून उभे केलेत?"

मी ते इंग्लिशमध्ये सांगितलं मात्र, घोडे वळवायला सगळ्यात आधी धावली ती लिनेट!

* * *

पुढची अडचण पेटीच्या आतली होती. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखे गोल कप्पे, एकेका कप्प्यात एकेक काडतूस. पण लाकूड झिजून कप्पे सैल झाले होते. गाडी चालली की नमुन्याची लाकडी काडतुसं आत खडखडायची. लिनेटने सांगून ठेवलं होतं, "खडखड ऐकू आली तर परवानगी विसरा."

ग्रॅहमने चामडं लावून पाहिलं, मोआनाने बसच्या सीटचा फोम आणला. खडखड कायम. आई शेवटी वैतागली. "मी साताऱ्याहून इथवर लोणच्याची काचेची बरणी आणली. फुटली का? बरणी धक्क्याने फुटत नाही, मोकळ्या जागेने फुटते!" दुसऱ्या रविवारी ती आपल्या दोन जुन्या सुती साड्या घेऊन आली आणि पट्ट्या फाडून, घड्या घालून, एकेक कप्पा बोटाने दाबून भरत बसली. ग्रॅहम शेजारी बसून पट्ट्या धरत होता. त्याला मराठी येत नाही, तिला इंग्लिश येत नाही. दोघं दुपारभर बोलत होते!

टेस्ट कशी घ्यायची? बापट डेअरीत गेला. डेअरी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं दुकान. तिथून त्याने मोठा ट्रे भरून अंडी आणली. आईने प्रत्येक कप्प्यात अंडं बसवलं, वर पट्टी, झाकण बंद, झाकणावर बापट. घोडे दुडक्या चालीने खड्ड्याखड्ड्यांतून अख्खं रान फिरले. बापटची हाडं खिळखिळी झाली. झाकण उघडलं तर एकाही अंड्याला साधी चीर नाही!

आम्ही नाचायचेच बाकी होतो. मोआना ओरडली, "स्वीट ऍज!" म्हणजे इथल्या बोलीत एकदम झकास! बापटने आनंदाच्या भरात सगळी अंडी पुन्हा ट्रेमध्ये भरली, ट्रे डोक्याच्या वर धरला आणि घराकडे पळत सुटला. पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला. खाली ओली लीद.

ग्रॅहमने फुटलेल्या अंड्यांकडे पाहिलं, आडव्या पडलेल्या बापटकडे पाहिलं आणि म्हणाला, "घोडे सुरक्षित आहेत. दारू फक्त अकाउंटंटच्या हातात देऊ नका!"

* * *

आता उरला बिस्किट.

बिस्किट हा पेटीच्या लगेच पुढे जुंपायचा तपकिरी घोडा. अंगाने कपाटाएवढा, काळजाने उंदराएवढा. छत्री उघडली तरी दचकायचा. आणि लिनेटची शेवटची अट नेमकी त्याच्यावर होती. परेडमध्ये तोफ मैदानाच्या मधोमध राहणार, घोडे आणि पेटी लांब पाइनच्या झाडांखाली. पहिल्या बाराच्या वेळी दुसरं काडतूस अजून पेटीतच असणार. "त्या बाराला एकही घोडा पाऊलभर हलला," ती म्हणाली, "तर दुसरं काडतूस यूटमधून. आणि परवानगी रद्द."

बिस्किटला आवाजाची सवय लावायचं काम बापटकडे आलं. तो दर शनिवार-रविवार कागदी पिशव्या फुगवायचा आणि फोडायचा. आधी कुरणाच्या टोकाला, मग जवळ, मग आणखी जवळ. मग पत्र्याचे डबे आपटायचा. ग्रॅहम बिस्किटच्या गळ्यावर हात ठेवून उभा असायचा. मार्चपर्यंत बिस्किट असा तयार झाला की कानाशी डबा वाजवला तरी गवत खात राहायचा.

इकडे बापटच्या ऑफिसमध्ये कोणी ड्रॉवर बंद केला की बापट खुर्चीतून उडायला लागला!

* * *

आणि एप्रिल उजाडला.

गावाच्या मैदानाभोवती हीऽऽ गर्दी. आम्ही सगळे लोकरीच्या जुन्या युनिफॉर्ममध्ये, अंगाला टोचून टोचून हैराण. लिनेटने स्वतः दोन काडतुसं पेटीत ठेवली, आईने पट्ट्या दाबल्या. हो, आईला त्या दिवशी आत सोडलं होतं! निऱ्यांना पिनेऐवजी नाडी बांधून आली होती.

बापट आणि मी झाकणावर बसलो. खाली खरी दारू! बापट माझा दंड इतका आवळून बसला होता की नंतर आठवडाभर दुखत होता. सगळ्यात पुढे मोआना, पेटीजवळच्या जोडीवर ग्रॅहम, शेजारी बिस्किट. ग्रॅहमने मागे वळून पेटीकडे पाहिलं, टोपी नीट केली आणि म्हणाला, "चला."

काय सांगू तुम्हाला! सहा घोड्यांचे खूर रस्त्यावर एका तालात वाजतायत, लोक टोप्या काढतायत, पोरं फुटपाथवरून बरोबर पळतायत आणि खालच्या पेटीतून एक आवाज नाही. मी इतका खूश आयुष्यात क्वचित झालोय!

मैदानात तोफ सुटी केली, तिच्यापाशी थांबलेल्या आमच्या माणसांना पहिलं काडतूस दिलं आणि आम्ही घोडे आणि पेटी घेऊन पाइनच्या झाडांखाली गेलो. ग्रॅहम उतरून बिस्किटच्या तोंडाशी उभा राहिला. लिनेट आमच्या बाजूला, नजर घोड्यांच्या पायांवर.

धडाम्!

झाडांवरचे पक्षी उडाले. बापट उडाला. गर्दीत एक बाळ रडायला लागलं. मी डोळे उघडून खाली पाहिलं. चोवीस खूर होते तिथेच होते!

लिनेट त्या वर्षात पहिल्यांदा हसली. "दुसरं न्या," ती म्हणाली.

मी काडतूस उचलायला वाकलो, तर मोआनाने मला बाजूला सारलं. "तू नाही. ग्रॅहम, तू ने. तोफ उडते तेव्हा तू दर वर्षी इथे तिच्याकडे पाठ करून घोडे धरून उभा असतोस. तुझ्या स्वतःच्या तोफेचा बार तू कधी पाहिलाच नाहीस. आज घोडे मी धरते. जा, आणि बार काढायची दोरी पण तूच ओढ!"

ग्रॅहमने बिस्किटचा लगाम मोआनाच्या हातात दिला. दोन्ही हातांत काडतूस धरून, गुडघे सांभाळत तो मैदानातून चालत निघाला. सोबतीला मी. त्याने काडतूस आत सरकवलं, तोफेचं मागचं दार बंद झालं, दोरी त्याच्या हातात आली. मी नुसता तोफेच्या तोंडाकडे बघत राहिलो.

हुकूम झाला. ग्रॅहमने दोरी ओढली.

धडाम्! ज्वाला, धूर, जमीन हादरली! मी आनंदाने ओरडत वळलो, "ग्रॅहम! दिसला का बार?"

ग्रॅहमची तोफेकडे पाठ होती. तो दोरी हातात तशीच धरून लांब पाइनच्या झाडांकडे बघत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्याने माझा खांदा गच्च पकडून हलवला.

"बघितलंस?" तो म्हणाला. "बिस्किटने कानसुद्धा हलवला नाही!"