हृदयाचं ताट

सुमन, माझी बायको, गॅसपाशी उभी राहून भाकऱ्या थापत होती आणि मी गरम गरम खात होतो. परातीतला तिचा हात मध्येच थांबला. तिनं ओट्याला टेकून दम घेतला आणि पुन्हा थापायला लागली.

कालच सुमनला तपासून डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजावलं होतं. हृदय आकसतं तेव्हा सगळ्या अंगाला रक्त पोचवतं. त्याच्या स्वतःच्या स्नायूंना मात्र रक्त मिळतं ते बहुतेक नंतरच्या विसाव्यात. ठोक्यासरशी फुगलेली मोठी धमनी तेव्हा पुन्हा आवळते आणि थोडं रक्त त्याच्याकडे परत लोटते. वयानं धमनी ताठर झाली की तिचं हे परत लोटणं कमी होतं, आणि हृदयाच्याच वाट्याला कमी येतं.

"म्हणजे तेसुद्धा सगळ्यांना वाढून झाल्यावरच जेवतं म्हणायचं," सुमन म्हणाली. डॉक्टरीणबाई हसल्या. मला काही हसू आलं नाही.

आत्ता ते आठवलं आणि मी ताटावरून उठलो.

"तू बस. पुढची मी थापतो."

"येते का तुम्हाला?"

"नाही. पण तू गरम खा."

माझी भाकरी एका कडेला जाड, दुसरीकडे फाटलेली. सुमननं एक घास चावून पाहिला.

"वातड झालीय हो," ती म्हणाली, आणि सवयीनं त्यातला मोठा तुकडा मोडून माझ्या ताटात ठेवला.

मी तो हळूच तिच्याकडे परत लोटला.