खिदिरपूरचे डाक्तारबाबू

कस्टम्समध्ये असलेल्या वडिलांची कोलकात्याला बदली झाली, तेव्हा मी चौथीत होते. खिदिरपूरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही राहायचो. तिथले डॉक्टर, म्हणजे सगळ्यांचे डाक्तारबाबू, सकाळी दवाखान्यात निघाले की टपरीवर चहा पिणारी माणसं उठून उभी राहत. माझे वडील अधिकारी, पण त्यांच्यासाठी कुणी उठत नसे. मला थोडा रागच यायचा.

त्या हिवाळ्यात आई आजारी पडली. रोज बारीक ताप आणि पोटदुखी. तिला बंगाली येत नव्हतं, हिंदीही जेमतेम. दवाखान्यात ती अडखळायला लागली, तसे डाक्तारबाबू म्हणाले, "बौदी, आप अपनी भाषा में बोलिए." बौदी म्हणजे वहिनी. मग आई मराठीत बोलतच सुटली. "आत पिळवटल्यासारखं होतं हो," म्हणत तिनं ओलं धुणं पिळावं तसे हात फिरवले. बदली झाल्यापासून तिचं कुणी इतकं ऐकून घेतलं नव्हतं.

औषधं झाली, तपासण्या झाल्या. ताप हटेना. एका दुपारी डाक्तारबाबू घरी आले आणि वडिलांना सरळ म्हणाले, "मुझे समझ में नहीं आ रहा. मेरे सर को दिखाते हैं."

दवाखाना बंद ठेवून ते स्वतः आम्हाला टॅक्सीनं एस्प्लनेडजवळ त्यांच्या म्हाताऱ्या प्राध्यापकांकडे घेऊन गेले. सरांनी आईला तपासलं आणि आमच्यादेखत त्यांना बंगालीत चांगलंच झापलं. डाक्तारबाबू मान खाली घालून ऐकत होते, मधूनच कागदावर लिहून घेत होते. आतड्याचा टीबी निघाला.

परतताना वडील मराठीत हळूच म्हणाले, "आमच्या ऑफिसात 'मला कळत नाही' म्हणायची कुणाची छाती होत नाही."

उपचार बरेच महिने चालले. आई ठणठणीत बरी झाली.

गेल्या वर्षी नोकरीसाठी मी पुन्हा कोलकात्यात आले. पुण्याहून आईचा फोन, "डाक्तारबाबूंना भेटलीस का?"

मी गेले. ते वारले होते. त्यांच्या सुनेनं चहा दिला, जुन्या गोष्टी निघाल्या. घरी येऊन आईला फोनवर सांगितलं.

ती म्हणाली, "त्यांना माझी पुरणपोळी फार आवडायची गं. दुधाशी खायचे."