सगुणाबाईची तिखाडी

कोणत्याही झाडाला पाणी घालण्याआधी सगुणाबाई उजव्या हाताची करंगळी मुळाशी दुसऱ्या पेरापर्यंत खुपसत असे. बोट बाहेर काढून ते डोळ्यांजवळ नेई, पदराला पुशी आणि मगच घागर उचलायची की नाही ते ठरवी. "जमिनीले इचारल्याबिगर पानी देऊ नोको," ती म्हणे. "तुले तहान नसतानी कोनी नरड्यात तांब्या ओतला तं कसं वाटन?" तिच्या त्या नखाखालची काळी रेघ मी कधी गेलेली पाहिली नाही.

मी नागपूरच्या इंग्रजी शाळेतून मॅट्रिक होऊन अमरावतीला परतले, तेव्हा बाबांना कॅम्पात सरकारी बंगला मिळालेला होता. सगुणाबाईचा नवरा तिथला माळी. तो वारला आणि त्याचं काम तिच्याकडे आलं, मागच्या आवारातल्या खोलीसकट. काम गेलं की खोलीही जायची, आणि मग नांदगाव खंडेश्वरला भावाच्या दारात उभं राहायचं. भावाबद्दल ती एकदाच बोलली. "जेवाले देते तो. पन ताट आपटते."

माझी मराठी तेव्हा अडखळायची, म्हणून मी व्हरांड्यात पुस्तक घेऊन बसे आणि सगळ्यांकडे नुसती पाहत राही. सगुणाबाई मला बेबीबाई म्हणे. "बोलत कावून नाई वो बेबीबाई? मराठी येत नाई का इंग्रजी सरली?"

बाबांना बंगल्यापुढे विलायती हिरवळ हवी होती. दोनदा बी मागवलं, दोन्ही उन्हाळ्यांत ती जळाली. काळ्या जमिनीला हात आत जाईल अशा भेगा पडल्या. तिसऱ्या वर्षी आषाढात सगुणाबाई पोहऱ्याच्या टेकडीवरून तिखाडीचे ठोंब डोक्यावर घेऊन आली. तिखाडी हे आपल्याच माळावरचं उंच, वासाचं गवत. पातं चुरगळलं की गुलाब आणि लिंबू यांच्या मधला कुठलासा वास दिवसभर हाताला राहतो. फाटकापासून पायरीपर्यंत दोन्ही बाजूंना तिनं ते मुरूम घालून लावलं. दिवाळीच्या सुमारास तांबूस तुरे आले, तेव्हा बाबा संध्याकाळी मुद्दाम फाटकापर्यंत चालत जायचे.

फाल्गुनात मात्र सगळं वाळलं. सगुणाबाईनं वीतभर ठेवून ते कापून टाकलं, आणि बंगल्यापुढे नुसते खुंट राहिले. बाबांच्या कचेरीतले एक गृहस्थ चहाला आले होते. पायरी चढता चढता म्हणाले, "वा रावसाहेब! गुरांची सोय केलीत म्हणायची."

सगुणाबाई कुंड्यांपाशी बसली होती. मान वर न करता म्हणाली, "गुरं तोंड लावत नाईत त्याले. तुमी लावून पाहा."

गृहस्थ हसले. बाबा हसले नाहीत. पाहुणे गेल्यावर त्यांनी तिला पायरीशी बोलावलं.

"उपटून टाक ते सगळं."

"खाली जमिनीत मुया जित्या हायत, साहेब."

"मला मेलेलं दिसतंय."

"श्रावनापर्यंत ठेवा. नाई फुटलं तं मी सोता खोली खाली करून देतो."

"ठरलं," बाबा लगेच म्हणाले. तिला ते शब्द कुणीतरी परत घ्यायला लावावेत असं मला वाटलं. मी पुस्तकाचं पान उलटलं.

जाता जाता तिनं घरातल्या सगळ्यांना बजावलं, "याले पानी कोनी देऊ नोका. वैशाखात यातून बोट कोरडंच याले पाह्यजे."

मी ते ऐकलं होतं. पण चैत्र सरत आला तरी खुंटांना हिरवा ठिपका दिसेना. रोज खिडकीतून मला ते खुंट दिसत आणि त्यांच्यापलीकडे नांदगावचा तो भाऊ दिसे. मग दुपारी सगळं घर वाळ्याच्या ताट्यांमागे झोपलं की मी न्हाणीघरातली बादली उचलायची आणि फाटकाजवळच्या दहा ठोंबांना पाणी घालून यायचं, असं सुरू केलं. तीन आठवडे घातलं. तिला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे बोलावं लागलं असतं.

वैशाखातल्या एका सकाळी सगुणाबाईनं फाटकाजवळच्या ठोंबात करंगळी घातली. बोट बाहेर आलं ते चिखलानं माखलेलं. मग तिनं ठोंब धरून हलकेच ओढला. तो नुसताच हातात आला, खालून काळा पडलेला. तिनं न्हाणीघराकडे पाहिलं, आणि मग व्हरांड्याकडे. माझ्या हातात पुस्तक होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या लक्षात आलं. "सडलंय हे. कशानं?"

"पान्यानं."

"या बंगल्यात पाणी कोण घालतं?"

"मी घालतो, साहेब. माळीन मीच हाय."

"मग श्रावण कशाला? सोमवारी खोली खाली कर."

सोमवारला तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत तिनं गुलाबांना, मोगऱ्याला, तुळशीला नेहमीसारखं बोट घालून पाणी दिलं. व्हरांड्यावरून जाताना ती थांबली नाही, पण तिची चाल मंद व्हायची. माझं वाक्य जुळायचं, तेही इंग्रजीत, आणि मी पान उलटायची.

सोमवारी फाटकाशी बैलगाडी लागली. एक पेटी, दोन पातेली, नवऱ्याचं खुरपं. बाबा कचेरीला निघाले होते. मी पायऱ्या उतरले.

"बाबा, पाणी मी घातलं."

"काय?" त्यांना ऐकूच गेलं नव्हतं.

पुन्हा म्हणणं पहिल्यापेक्षा अवघड होतं. "पाणी मी घातलं! रोज दुपारी. तिनं नको म्हटलं होतं." गाडीवानानंही मान वळवली.

बाबा गाडीवानाकडे वळले. "सामान उतरवा," एवढंच म्हणून ते निघून गेले. त्यानंतर आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

सगुणाबाईनं मला जवळ घेतलं नाही की डोळे पुसले नाहीत. मनगट धरून फाटकापाशी नेलं आणि एक सडका ठोंब माझ्या हातात ठेवला. "सुंग." त्याला गुलाब नव्हता, लिंबू नव्हतं, गटाराचा वास होता. "तीन दिस लागले वो तुले," ती म्हणाली. "तीन दिस मी त्या व्हरांड्याकडे पाहून राहिलो." मग तिनं ते सडके ठोंब माझ्याकडून खणून काढवले. उरलेले सगळे आषाढात फुटले.

मागच्या मार्गशीर्षात ती गेली, त्याच खोलीत. त्याआधीच्या पावसाळ्यात मी लग्न होऊन अकोल्याला आले, तेव्हा तिनं गोणपाटात बांधून तीन ठोंब दिले होते. ते दारापुढे लावलेत. आता वैशाख आहे, आणि खुंट मेल्यासारखे दिसताहेत. खरं सांगायचं तर जिवंत आहेत की नाहीत, मलाही माहीत नाही.

काल दुपारी मी तांब्या घेऊन बाहेर गेले. करंगळी दुसऱ्या पेरापर्यंत घातली. बोट कोरडं आलं, गरम धुळीचं. तिथंच उभं राहून तांब्यातलं पाणी मी स्वतः प्याले.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "मेलं ना गं ते? उपटायला सांगू का?"

"श्रावणापर्यंत थांबा," मी म्हणाले. त्यांना पहिल्याच वेळी ऐकू गेलं.